सरकलेल्या तटबंदीचा जबाब

इस्रायलमधल्या गॅलिलीच्या समुद्राच्या (नाव समुद्र, पण आहे सरोवर) उत्तरेला, जॉर्डन नदीच्या काठावर एक अर्धवट किल्ला आहे. ११७८ च्या ऑक्टोबरात क्रुसेडर, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, सैन्याने तो बांधायला घेतला. वर्ष पुरं व्हायच्या आत, ऑगस्ट ११७९ मध्ये, त्यांचा शत्रू सुलतान सलाहुद्दीनने तो जिंकून पाडला. उत्खननात बांधकामाची हत्यारं आणि चुन्याचा ढीग तिथेच पडलेला सापडला. इतिहासकारांसाठी ही एका लढाईची गोष्ट. भूकंपाच्या अभ्यासकांना मात्र इथे घबाडच मिळालं, कारण ही तटबंदी नेमकी मृत समुद्राच्या भ्रंशावर उभी आहे.

भ्रंश म्हणजे भूकवचातली अशी भेग, जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या विरुद्ध सरकतात. एरवी ते अडकून बसलेले असतात. ताण साचत जातो आणि एका झटक्यात मोकळा होतो. झटका मोठा असला की भेग थेट जमिनीवर उघडी पडते. मोकळ्या रानातली तिची खूण पाऊस आणि नांगर लवकर पुसून टाकतात. माणसाने दोरी लावून बांधलेल्या भिंतीत मात्र ती टिकते. भिंत मुळात सरळ होती हे ठाऊक असतं, त्यामुळे किती सरकली ते टेपने मोजता येतं. या किल्ल्याच्या भिंती २.१ मीटर सरकल्या आहेत.

पण हे एकाच भूकंपात झालं की दोन-तीन वेळा? याचा उलगडा किल्ल्याच्या आवारात नंतर बांधलेल्या एका मशिदीमुळे झाला. तिच्या भिंती फक्त अर्धा मीटर हलल्या आहेत. म्हणजे उरलेले १.६ मीटर तिच्या आधीचे. जुन्या लेखी नोंदी आणि जमिनीतले थर यांची सांगड घातल्यावर ती तारीखही हाती आली: २० मे १२०२ ची पहाट. नंतरचा अर्धा मीटर बहुधा ऑक्टोबर १७५९ च्या भूकंपातला असावा. दूर देशीच्या भूकंपाची यंत्रावर ओळखली गेलेली पहिली नोंद १८८९ ची, जर्मनीतल्या पॉट्सडॅमची. हे ध्यानात घेतलं की १२०२ मधली पहाट सांगणारी भिंत किती मोलाची, ते कळतं.

सगळेच अवशेष असे सरळ बोलत नाहीत. पडलेली भिंत ही तर फार बेभरवशाची साक्षीदार. पाया खचतो, शत्रू पाडतो, लोक दगड काढून नेतात. गॅलिलीच्या समुद्राजवळच्याच हिप्पोस या प्राचीन नगरात एका चर्चचे खांब एकाच दिशेला, ओळीने आडवे पडलेले आहेत. त्यावरून धक्का कुठून आला ते सांगण्याचा मोह होतोच. पण जमीन एकाच दिशेला हलत नाही, पुढे-मागे, आडवी, वर-खाली अशी सगळीकडून हलते. संगणकावर खांब पाडून पाहिले, तेव्हा पडण्याची दिशा फारशी विश्वासार्ह नाही असंच दिसलं. याहून मोठी गफलत तारखांची. पुरातत्त्वज्ञ एखादा ढिगारा ‘ग्रंथांतल्या अमुक भूकंपाचा’ म्हणून त्याचा काळ ठरवतो आणि भूकंपतज्ज्ञ तोच ढिगारा त्या भूकंपाचा पुरावा म्हणून मांडतो. दोघं एकमेकांच्या खांद्यावर उभे! म्हणून मला कोसळलेल्या राजवाड्यापेक्षा सरकलेली साधी भिंत जास्त भरवशाची वाटते.

किंवा पाण्याचा पाट. याच भ्रंशाच्या उत्तरेकडच्या भागावर, सीरियात अल-हरीफ इथे एक रोमन जलवाहिनी तुटून तब्बल १३.६ मीटर सरकली आहे. हे एका धक्क्याचं काम नव्हे, कित्येक शतकांची बेरीज आहे. तिची फोड करायला गळक्या पाण्याने मदत केली. वाहिनीतून झिरपणाऱ्या पाण्यातला चुना भिंतीवर थरांनी साचत गेला होता. वाहिनी तुटली की त्या थरांच्या वाढीत खंड पडे. थरांचा काळ रेडिओकार्बनने (त्यांत उरलेला किरणोत्सारी कार्बन मोजून) काढून आणि शेजारी चर खणून अभ्यासकांनी एकेक धक्का वेगळा केला. त्यातला शेवटचा जून ११७० चा. त्यानंतर भ्रंशाच्या त्या तुकड्यावर तसा मोठा भूकंप झालेला नाही, ताण मात्र साचतोच आहे.