मोरांदीच्या बाटल्यांवरची धूळ

एलिमेंटरीच्या परीक्षेआधी आमचे चित्रकलेचे सर एकच गोष्ट बजावायचे: तांब्यावर चकाकीचा ठिपका पांढरा सोडा, म्हणजे तांब्या गोल दिसेल. सरांचं बरोबरच होतं. इटलीतल्या बोलोन्या शहरात मात्र एक चित्रकार जन्मभर तोच ठिपका पुसत बसला होता.

जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४). लग्न केलं नाही, तीन बहिणींबरोबर राहिला, झोपायच्या खोलीतच चित्रं काढली. विषय त्याच त्या बाटल्या, डबे, सुरया. पण त्या तो तशाच टेबलावर मांडत नसे. काही वस्तूंना बाहेरून बिनचमकीचा रंग फासायचा, काचेच्या बाटल्यांत आतून रंग ओतायचा आणि वर धूळ साचू द्यायचा.

यात भौतिकशास्त्र आहे. काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के प्रकाश एका पृष्ठभागावरून परत फिरतो. पण तेवढ्यातही समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब उमटतं. आपण ज्याला चकाकी म्हणतो ती हीच खिडकी, आणि डोकं जरा हलवलं की तीही सरकते. बाटलीत रंग ओतला की आरपार दिसणं थांबतं, बाहेरची चकाकी मात्र तशीच राहते. तिला मारायचं तर धूळच हवी. धुळीचे कण प्रकाश दाही दिशांना उधळतात. शाळेच्या पुस्तकातलं अनियमित परावर्तन ते हेच. आदर्श बिनचमकीचा पृष्ठभाग कुठूनही पाहा, सारखाच उजळ दिसतो, हे योहान लाम्बर्टने १७६० सालीच मांडलं होतं. पिठाचा हात लागलेला स्टीलचा डबा पाहा, पीठ लागलंय तेवढ्या जागी खिडकी गायब!

चकाकी गेली, आता गोलाई सांगायला उरते ती फक्त उजेडाकडून सावलीकडे जाणारी हलकी उतरण.

खरी गंमत पुढे आहे. एक वस्तू दुसरीच्या आड गेली की मागचीची कडा पुढचीच्या कडेला येऊन तुटते आणि इंग्रजी ‘टी’सारखा सांधा तयार होतो. पुढे कोण, मागे कोण, हे मेंदू बऱ्याचदा या सांध्यावरूनच ठरवतो. मोरांदी बाटलीची कड डब्याच्या कडेला नेमकी भिडवतो. सांधा बनतच नाही, आणि नजर घुटमळते. त्यात शेजारशेजारचे रंग वेगळे असले तरी त्यांचा उजळपणा तो जवळजवळ सारखा ठेवतो. कोणती वस्तू किती पुढे, किती मागे आणि नेमकी कुठे, हे ओळखताना मेंदूची भिस्त रंगापेक्षा उजळपणातल्या फरकावर जास्त असते. त्याच्या एखाद्या उत्तरकाळातल्या चित्राचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून पाहा, काही कडा मागच्या भिंतीत विरून जातील.

हे सगळं काही मिलिमीटरांवर अवलंबून. म्हणून टेबलावर अंथरलेल्या कागदावर तो प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती पेन्सिलीने रेघ मारून जागा पक्की करायचा. ते कागद आजही पाहायला मिळतात: वर्तुळावर वर्तुळं.