व्यापारी बँकांतील ठेवी : आर्थिक स्थितीचा निर्देशक (नाशिक जिल्हा)

व्यापारी बँकांमध्ये कुटुंबांनी, व्यावसायिकांनी व संस्थांनी ठेवलेल्या रकमांवरून एखाद्या प्रदेशाच्या आर्थिक स्थितीचा अंदाज बांधला जातो. चालू खात्यातील रक्कम धंद्याच्या उलाढालीची, बचत खात्यातील घरखर्चाची व अडीअडचणीची, तर मुदत ठेव ही काही काळ हात लावावा लागणार नाही अशी खात्री असलेली रक्कम असते. त्यामुळे एकूण आकड्यापेक्षा या तिन्हींचे परस्परप्रमाण अधिक बोलके ठरते. रिझर्व्ह बँक अनुसूचित (म्हणजे तिच्या अधिकृत यादीतील) व्यापारी बँकांच्या ठेवी व कर्जांची जिल्हावार आकडेवारी दर तिमाहीला प्रसिद्ध करते.

नाशिक जिल्ह्यात ही आकडेवारी वाचताना पिकांचे वेळापत्रक समोर ठेवावे लागते. निफाड व दिंडोरीची द्राक्षे साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात निघतात आणि पाठोपाठ लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारांत उन्हाळ कांदा येतो. ही रक्कम आधी बचत खात्यात जमा होते, सोसायटीचे पीककर्ज फिटते, आणि जे उरते त्याची मुदत ठेव होते. द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास औषधे, खते व मजुरीसाठी तीच शिल्लक पुन्हा उतरते. म्हणून मार्चअखेरची तुलना सप्टेंबरअखेरशी करणे चुकीचे आहे. ती मागील वर्षाच्या मार्चशीच केली पाहिजे. त्यातही आर्थिक वर्ष संपताना बँका उद्दिष्टपूर्तीसाठी ठेवी गोळा करतात, त्यामुळे मार्चचा आकडा थोडा फुगलेला असतो. शिवाय जुन्या ठेवींवर जमा होणारे व्याजही वाढीत मोजले जाते, आणि महागाई वजा केल्यावर कागदावरची वाढ पुष्कळदा नाममात्र उरते.

ठेव कशातून आली, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून तो सहसा विचारला जात नाही. समृद्धी महामार्ग सिन्नर व इगतपुरी तालुक्यांतून जातो आणि त्यासाठी घेतलेल्या जमिनींचा मोबदला थेट खातेदारांच्या बँक खात्यांत जमा झाला. अशा गावातील शाखेच्या ठेवी एकाएकी वाढल्या, तर ते उत्पन्न वाढल्याचे लक्षण नव्हे. जमिनीच्या रूपातील मालमत्ता पैशाच्या रूपात आली, इतकाच त्याचा अर्थ. उलट प्रकारही घडतो. ठेव ज्या शाखेत खाते आहे तेथे मोजली जाते, त्यामुळे सातपूर किंवा अंबडमध्ये कारखाना असलेल्या, पण मुख्य खाते मुंबईत ठेवणाऱ्या कंपनीची शिल्लक नाशिकच्या रकान्यात येत नाही. म्युच्युअल फंडात गुंतवलेला पैसाही बँकव्यवस्थेतून नाहीसा होत नाही. तो बहुधा दुसऱ्या शहरातील दुसऱ्या कुणाच्या खात्यात जातो.

ठेवींसोबत कर्ज-ठेव गुणोत्तर, म्हणजे ठेवींच्या तुलनेत दिलेल्या कर्जांचे प्रमाण, पाहणे आवश्यक आहे. ठेवी भरपूर आणि गुणोत्तर कमी, याचा अर्थ लोकांची बचत त्यांच्याच परिसरात कामी येत नाही. ती तेथे कामी यावी, हाच १९६९ मध्ये सुरू झालेल्या अग्रणी बँक योजनेचा एक हेतू होता; तीत प्रत्येक जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा समन्वय एका बँकेकडे सोपवला जातो. नाशिकची अग्रणी बँक बँक ऑफ महाराष्ट्र आहे.

ठेवी वाढूनही अर्थव्यवहार मंदावू शकतो, हे ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने स्पष्ट दाखवले. रद्द झालेल्या ५०० व १,००० रुपयांच्या नोटांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक रक्कम बँकांत परत आली आणि ठेवी झपाट्याने वाढल्या; त्याच आठवड्यांत रोकड नसल्यामुळे कांद्याच्या बाजारात लिलाव अडखळले. लोकांजवळची रोकड बँकेत गेली, तरी पैशाचा एकूण पुरवठा तेवढाच राहतो, केवळ त्याचे रूप पालटते. नाशिकरोडच्या मुद्रणालयात छापल्या जाणाऱ्या नोटांचा जिल्ह्याच्या ठेवींशी थेट संबंध नसतो, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका व पतसंस्था यांच्या ठेवी व्यापारी बँकांच्या आकडेवारीत धरल्या जात नाहीत. सहकाराचे जाळे दाट असलेल्या या जिल्ह्यात ही उणीव मोठी आहे, कारण एखाद्या सहकारी संस्थेवरील विश्वास डळमळला की तेथील ठेवीदार व्यापारी बँकेकडे वळतात आणि एका पैशाचेही नवे उत्पन्न नसताना तिच्या ठेवी वाढलेल्या दिसतात.