घड्याळ बंद पडलेला उपग्रह

मालवणच्या समुद्रात बोटीवरचा रिसीव्हर तांडेलाला जागा दाखवतो, पण ती जागा उपग्रहाला मुळीच ठाऊक नसते. तो वरून सतत एवढंच सांगत असतो: मी अमुक ठिकाणी आहे, आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. संदेश पोचायला किती वेळ लागला, यावरून अंतर काढायचं काम रिसीव्हरचं. असे किमान चार उपग्रह ऐकू आले की हिशोब जुळतो.

जागा दाखवणाऱ्या आपल्या भारतीय 'नाविक' प्रणालीचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहेत. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. मालवण बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहेत. तिथे ३०० मीटर म्हणजे फार झाले! म्हणून प्रत्येक उपग्रहात रुबिडियमची अणुघड्याळं बसवतात. सेकंदाला सुमारे ६८३ कोटी वेळा होणारं रुबिडियम अणूचं कंपन हा त्यांचा ठोका.

बाकीची सामग्रीही सगळी मोजमापाचीच. एल-५ आणि एस अशा वेगवेगळ्या वारंवारितेच्या दोन रेडिओ-पट्ट्यांत संदेश येतात. आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, कमी वारंवारितेच्या लहरीला जास्त रेंगाळवतं, त्या फरकावरून चूक काढून टाकता येते. जमिनीवरून सोडलेला लेसर परतवणारे आरसेही उपग्रहावर आहेत, त्यांना वीजही लागत नाही.

दुखणं निघालं ते घड्याळांचं. १ जुलै २०१३ला गेलेल्या पहिल्या उपग्रहाची तिन्ही परदेशी घड्याळं काही वर्षांत बंद पडली, पुढे इतरांचीही. २९ मे २०२३ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ या 'नाविक'च्या नव्या उपग्रहामध्ये अहमदाबादला बनलेलं स्वदेशी घड्याळ गेलं. माझ्या मते हे आधीच व्हायला हवं होतं.

पण घड्याळ गेलं म्हणून उपग्रह मुका होत नाही. असे काही उपग्रह आता फक्त निरोप पाठवतात: वादळ, उंच लाटा, मासळी कुठे मिळेल. २०१७च्या ओखी वादळात दक्षिणेकडच्या कितीतरी बोटी देवगडला आश्रयाला आल्या. खोल समुद्रात मोबाईलची रेंज नसते. तिथे वादळाची खबर पोचवायला आकाशातूनच यावं लागतं.

हा निरोप एकतर्फी असतो, खलाशाला उलट बोलता येत नाही. जानेवारी २०२४पासूनच्या नव्या संकट-यंत्रात मदतीची हाक दुसऱ्या उपग्रहामार्फत जाते, आणि ती पोचल्याचं उत्तर 'नाविक'वरून बोटीवर येतं.