महिला व मुलांसाठी विशेष कक्ष

घरात छळ सोसणाऱ्या स्त्रियांना व मुलांना पोलिसांच्या आवारात बसून मदत करणारी समाजकार्य सेवा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात पहिला कक्ष सुरू केला. पुढे दादर व कांदिवली इथे आणि नंतर राज्याच्या इतर जिल्ह्यांत कक्ष निघाले. 2005 मध्ये महाराष्ट्र शासनाने महिला व बालविकास विभागामार्फत हे काम आपल्याकडे घेतले. इतर काही राज्यांनीही हाच नमुना उचलला.

कक्ष सुरू झाला त्याच्या आगेमागेच कायदा बदलला होता. महाराष्ट्रातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले, त्यावर देशभर आंदोलन झाले आणि 1983 मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्त्या झाल्या. नवरा व सासरच्यांकडून होणारी क्रूरता हा गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेतले कलम 498-अ त्याच वर्षीचे; तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते आता कलम 85 आणि 86 मध्ये आहे. पण कलम पुस्तकात आले म्हणून ठाण्यातली वागणूक बदलत नाही. मार खाऊन आलेल्या बाईला ‘घरचा मामला आहे, घरीच मिटवा’ असे सांगून परत पाठवायचे, फारच झाले तर एनसी लिहून घ्यायची, ही जुनी रीत. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तिच्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. बाईच्या हाती कागद पडतो, घरात मात्र काही हलत नाही.

कक्षातल्या कार्यकर्त्या समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या असतात. त्यांना गणवेश नसतो, अटकेचा अधिकार नसतो आणि त्या पैसे घेत नाहीत. मग पोलिसांच्या आवारातच का बसायचे? कारण संकटातली बाई, शेजारीण किंवा भाऊ शेवटी ठाण्याचाच रस्ता धरतात. शिवाय संस्थेच्या पत्राला दाद न देणारा नवरा पोलिसांच्या आवारातून बोलावणे आले की हजर होतो. ठाण्याचा धाक उसना घ्यायचा, पण बाईशी बोलणे मात्र चौकशीसारखे होऊ द्यायचे नाही, ही कसरत कक्षाला रोज करावी लागते.

कामाचा बराच भाग कोर्टाबाहेरचा असतो. स्त्रीधन, म्हणजे लग्नात व नंतर बाईला मिळालेले दागिने-वस्तू, परत मिळवणे हे त्यातले ठळक काम. घरातून नेसत्या लुगड्यानिशी निघालेल्या बाईला दागिन्यांइतकीच, कधी त्याहून जास्त, कागदांची निकड असते: रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक, मुलांचे जन्मदाखले. शाळेचा दाखला सासरी अडकला तर मुलाचा प्रवेशच अडतो. अशा वेळी यादी करून, पोलिसांची सोबत घेऊन सासरी जायचे, यादीवर एकेक वस्तू खुणवत ताब्यात घ्यायची आणि दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या. गुन्हा नोंदवायचा असेल तर जबाब नीट लिहिला जातो ना हे पाहणे, दवाखान्यात नेणे, निवारागृहात जागा शोधणे हीही कामे येतात.

2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला आणि राहत्या घरातून हाकलता न येण्याचा, खर्च मागण्याचा, मुलांचा तात्पुरता ताबा मिळवण्याचा दिवाणी मार्ग खुला झाला. त्यासाठी, बाईला अर्ज करायला व न्यायालयाला मदत करणारे, संरक्षण अधिकारी नेमले गेले. न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो. कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना या आकड्याचे हसू येईल.

सर्वांत वादाचा मुद्दा समेटाचा. पोलिसी ‘समुपदेशन’ म्हणजे पुष्कळदा दोघांना समोर बसवून बाईला नांदायला पाठवणे. कक्षाची भूमिका वेगळी आहे: आधी बाईशी एकटीशी बोलायचे, हिंसा थांबणे ही बोलणीची पूर्वअट ठेवायची आणि परत जायचे की नाही हे तिनेच ठरवायचे. ती परत गेलीच तर नवऱ्याकडून लेखी हमी घेतली जाते आणि नंतरही तिची खबर ठेवली जाते. तरीही माहेरचे दार बंद आणि हाती कमाई नाही अशा बाईचा ‘निर्णय’ कितपत मोकळा, हा प्रश्न उरतोच.

आज या क्षेत्रात गर्दी आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातले ‘दिलासा’ केंद्र, केंद्र शासनाच्या योजनेतली, एकाच छताखाली मदत देणारी सखी वन स्टॉप सेंटर, नागपूर व पुण्यासारख्या शहरांत पोलिसांनी स्वतः चालवलेले भरोसा सेल, शिवाय 112 हा तातडीच्या मदतीचा आणि 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक. भरोसा सेल पोलिसांच्या हुकुमाखाली चालतो, तर विशेष कक्षातली कार्यकर्ती ठाणेदाराच्या हाताखालची नसते. तक्रार घ्यायला टाळाटाळ करणाऱ्या पोलिसांविरुद्ध बाईच्या बाजूने वरिष्ठांकडे जाण्याची मोकळीक तिला यामुळेच मिळते.