क्रिमलर आखेनटाल

ऑस्ट्रियाच्या साल्झबर्ग प्रांतातील, होहे टाउअर्न राष्ट्रीय उद्यानातली एक उंच दरी. क्रिमल गावाहून (सुमारे १,०७० मी.) धबधब्याकडेने चढून क्रिमलर टाउअर्नहाउस या जुन्या पांथशाळेपर्यंत (सुमारे १,६२० मी.) जाणारी येथील वाट मुलाबाळांसह चालण्याजोगी म्हणून प्रसिद्ध आहे. जायला साधारण तीन तास लागतात. मुले लहान असतील तर घड्याळ न पाहिलेलेच बरे.

दमछाक होते ती सुरुवातीलाच. क्रिमलचा धबधबा तीन टप्प्यांत एकूण ३८० मी. कोसळतो. त्याच्या कडेने आल्पाइन क्लब या गिर्यारोहकांच्या संघटनेने एकोणिसाव्या शतकात बांधलेली नागमोडी वाट जाते आणि जागोजागी तुषार अंगावर घेत थांबता येते. माथ्यावर पोहोचताच दृश्य पालटते: रुंद, सपाट तळ, संथ वाहणारी आखे नदी, चरणाऱ्या गाई. ही लोंबती दरी आहे. हिमयुगात खालच्या साल्झाख नदीच्या खोऱ्यातील मुख्य हिमनदीने आपला तळ खोलवर खरवडला, बाजूची ही दरी मात्र उंचावरच राहिली. म्हणूनच पुढच्या सगळ्या वाटेत जेमतेम दीडशे मीटर चढ उरतो. नदीला बर्फ वितळून पाणी येत असल्याने उन्हाळ्यात सकाळपेक्षा संध्याकाळी धबधबा अधिक फुगलेला असतो.

दरीत उन्हाळी गोठे आहेत. काही ठिकाणी ताक, चीज, भाकरी मिळते. कुरणांवर दक्षिणेकडील, म्हणजे आज इटलीत असलेल्या आर्नटाल खोऱ्यातील शेतकऱ्यांचेही जुने हक्क आहेत. ते आजही आपली गुरे क्रिमलर टाउअर्न खिंडीतून (सुमारे २,६३० मी.) इकडे हाकतात.

टाउअर्नहाउस पर्यटकांसाठी बांधलेले नाही. त्याचा लेखी उल्लेख १३८९ पासून आढळतो. खिंडीतून मीठ दक्षिणेला आणि वाइन उत्तरेला नेणाऱ्यांना तिथे आसरा मिळे. १९४७ च्या उन्हाळ्यात सुमारे पाच हजार ज्यू निर्वासित याच वाटेने इटलीत उतरले. त्यांना पॅलेस्टाइन गाठायचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया विजेत्या राष्ट्रांच्या ताब्यात विभागलेला होता, आणि शेजारच्या फ्रेंच आणि ब्रिटिश ताब्यातील प्रदेशांतून इटलीत जाण्याचे मार्ग बंद झाले होते. अमेरिकी ताब्यातला साल्झबर्ग प्रांत इटलीला फक्त या भागात, थोड्या अंतरापुरता भिडतो. तान्ही मुले कडेवर घेऊन, धड बूट नसताना लोक रात्री निघत. टाउअर्नहाउसची मालकीण लीझल गाइझलर-शारफेटर त्यांना जेवू घाली. २००७ पासून या निर्वासितांच्या स्मरणार्थ दरवर्षी खिंडीपर्यंत आणि पलीकडे पदयात्रा निघते. धबधब्यापुरते येऊन परतणाऱ्या बहुतेकांच्या कानावर हा इतिहास येतच नाही.

खासगी गाड्यांना दरीत मज्जाव आहे, पण परवानाधारक टॅक्सी टाउअर्नहाउसपर्यंत जातात. मुले थकली तर एक बाजू टॅक्सीने करता येते. याच्या पुढे वार्न्सडॉर्फर ह्युटे या गिरिनिवासाची (सुमारे २,३३० मी.) वाट हिमनद्यांच्या दिशेने जाते. शेवटी ती बरीच खडी होते, त्यामुळे लहान मुलांना टाउअर्नहाउसपाशीच थांबवलेले चांगले.