आजार तीन, माणूस एक

थायरॉइडची गोळी आधीपासून चालू. मग सकाळी उठल्यावर हाताची बोटं आखडू लागली. रक्त तपासलं तर आमवात. पुढे मनगटावर पांढरा डाग, म्हणजे कोड. कुडाळ-सावंतवाडीकडे अशी बाई डॉक्टरांच्या आधी देवळात गाऱ्हाणं घालून आलेली असते, कौलही लावून झालेला असतो. गाऱ्हाणं जरूर घालावं. पण हे तिन्ही ऑटोइम्यून आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याने होणारे. ते एकामागून एक का लागले, याचं उत्तर वैद्यकशास्त्रालाही फार उशिरा सापडलं, आणि तो उशीर समजून घेण्यासारखा आहे.

1900च्या सुमारास जर्मनीत पॉल एर्लिख यांनी बकऱ्यांना दुसऱ्या बकऱ्यांचं रक्त टोचलं. परक्या रक्तपेशी फोडणारी द्रव्यं, म्हणजे अँटिबॉडी, त्यांच्या अंगात तयार झाली. स्वतःच्या पेशी फोडणारी मात्र एकदाही नाही. शरीर स्वतःवर उलटायला घाबरतं, असा निष्कर्ष काढून त्यांनी त्याला ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ म्हटलं. हा धाक राखणारी यंत्रणा बिघडू शकते, याला त्यांच्या मांडणीत जागा होती. वाचणाऱ्यांनी तेवढंच सोडलं आणि ‘असं होतच नाही’ एवढं धरून ठेवलं. 1904 मध्ये डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी थंडी लागली की लघवी लाल होणाऱ्या रुग्णांत स्वतःच्याच रक्तपेशी फोडणारी अँटिबॉडी दाखवली, तरी ते अपवादात जमा झालं. मोठ्या नावापुढे पुरावा असा ताटकळतो.

कोंडी फुटली 1956 मध्ये, थायरॉइडवरून. जपानच्या हाशिमोतोंनी 1912 मध्येच चार बायकांच्या सुजलेल्या थायरॉइडचं वर्णन करून ठेवलं होतं, पण कारण ठाऊक नव्हतं. अमेरिकेत रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांमध्ये सशाच्याच थायरॉइडविरुद्ध अँटिबॉडी तयार करून दाखवल्या. लंडनमध्ये डोनियाक, रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हाशिमोतोच्या रुग्णांच्या रक्तात तशाच अँटिबॉडी सापडल्या.

गंमत अशी की दोन आजार एकत्र येतात हे डॉक्टरांना त्याच्या कितीतरी आधीपासून दिसत होतं. 1926 मध्ये श्मिट यांनी मूत्रपिंडावरची अॅड्रिनल ग्रंथी आणि थायरॉइड, दोन्ही एकाच माणसात बिघडल्याचं नोंदवलं. ही जोडी आजही फसवी: अॅड्रिनल बंद पडत आलेली असताना नुसती थायरॉइडची गोळी सुरू केली, तर रुग्ण कोसळू शकतो. 1933 मध्ये स्वीडनच्या श्योग्रेन यांनी डोळे-तोंड कोरडं पडणाऱ्या 19 बायका अभ्यासल्या. त्यांतल्या 13 जणींचे सांधेही दुखत होते. तरी वर्गवारी व्हायला 1980 उजाडलं. न्यूफेल्ड आणि ब्लिझार्ड यांनी अनेक ग्रंथींच्या अशा जोड्यांचे प्रकार पाडले, आणि 1988 मध्ये हंबर्ट व ड्यूपाँ यांनी तीन किंवा अधिक ऑटोइम्यून आजार एकत्र असण्याला स्वतंत्र नाव दिलं.

इतका वेळ लागला, कारण वैद्यक अवयवांनुसार वाटलं गेलं, असं मला वाटतं. सांधे एकाकडे, ग्रंथी दुसऱ्याकडे, त्वचा तिसऱ्याकडे. मुळाशी मात्र सामाईक जनुकं असतात. आईला थायरॉइड, लेकीला आमवात, भाच्याला टाइप-1 मधुमेह असं एकाच घरात दिसतं ते त्यामुळे. वारसा मिळतो तो आजाराकडे झुकणाऱ्या कलाचा. आजार होईलच असं नाही.

औषधांची कुळकथाही अशीच उसनवारीची. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मूळचं मलेरियाच्या औषधांच्या घराण्यातलं, मेथोट्रेक्सेट कॅन्सरचं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण करतात. अमेरिकी डॉक्टर हेन्च यांनी 1948 मध्ये आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. 1950 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दुष्परिणाम लवकरच कळले. आपल्याकडे बिननावाच्या ‘वाताच्या पुड्या’ घेऊन दोन दिवसांत धावू लागणारे भेटतात, त्या पुडीत बहुधा याच जातीचं स्टेरॉइड असतं. ते फार दिवस घेऊन एकदम बंद केलं तर अंग स्वतःचं स्टेरॉइड पटकन बनवू शकत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर याला आणखी पदर आहेत. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना लावणीला अनवाणी चिखलात उतरणं म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोच्या तापाला आमंत्रण; आषाढात ताप आला तर ‘पावसाचा आहे’ म्हणून अंगावर काढू नये. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, चहाआधी. कॅल्शियम नि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. सीलिएक, म्हणजे गहू न चालणारा याच कुळातला आजार, जडलेल्याला तांदळाची, नाचणीची भाकरी सवयीची असते, तेवढं सोपं. पण फोडणीतल्या बांधणी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, ते कुणी सांगत नाही.

सिंधुदुर्गातल्या ओरोसला 2021 मध्ये आणि रत्नागिरीत 2023 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तरी संधिवाततज्ज्ञासाठी अनेकांना अजून गोवा, कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागते. तिकडे जाताना पिशवीत सगळ्या डॉक्टरांच्या सगळ्या चिठ्ठ्या असाव्यात, डाग पाहणाऱ्यांचीसुद्धा.