टाकळा

टाकळा (सेना टोरा, जुने नाव कॅशिया टोरा) ही पावसाळ्यात बांधावर, गायरानात आणि रस्त्याकडेला कुणी न पेरता माजणारी शेंगावर्गीय वनस्पती. विदर्भात तिला तरोटा म्हणतात, गोव्यात तायकिळो, संस्कृतात चक्रमर्द.

पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, टोकाशी रुंद आणि गोलसर. दिवस मावळला की समोरासमोरच्या पर्णिका एकमेकींवर मिटतात, उजाडल्यावर उघडतात. पाला चुरगळला तर उग्र वास येतो. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून चरून उजाड झालेल्या माळावरही टाकळा हिरवागार दिसतो. भाद्रपदाच्या सुमारास पिवळी, पाच पाकळ्यांची फुले येतात आणि मागोमाग वीतभर लांब, बारीक, वाकड्या शेंगा.

त्याची खरी किंमत मात्र फुलण्याआधीच्या काही आठवड्यांत आहे. मृगाच्या सरींनंतर रोप बोटभर झाले की कोवळे शेंडे खुडून आणतात. तेलात लसूण, मिरची, भरपूर कांदा परतायचा, चिरलेला पाला घालून वाफ आणायची आणि वरून ओले खोबरे. कोकणात आणि गोव्यात त्यात फणसाच्या आठळ्या घालतात. पाल्याच्या किंचित कडवटपणाला आठळीचा पिठूळपणा छान साथ देतो. पुढे पाला राठ होतो, मग ती चव उरत नाही.

खुडताना टाकळ्यासारखा दिसणारा कासविंदा नीट ओळखावा. त्याच्या पर्णिका टोकदार असतात आणि बिया विषारी. त्या खाल्ल्याने लहान मुले दगावली आहेत.

आयुर्वेदात टाकळ्याला दद्रुघ्न, म्हणजे नायटा घालवणारा, असेही नाव आहे. बी आंबट ताकात वाटून नायट्यावर लेप देण्याची रीत जुनी आहे. टाकळा रेचक म्हणून घेतल्या जाणाऱ्या सोनामुखीच्या प्रजातीतला, त्यामुळे भाजी जास्त झाली तर पोट ढिले होते.

बियांचे उपयोग निराळेच. भाजून, दळून त्यांची कॉफीसारखी पूड करतात. त्यांच्यापासून निघणारा डिंक कुत्र्यामांजरांच्या डबाबंद खाण्याला घट्टपणा आणतो. दक्षिणेत नैसर्गिक निळीचा रंग आंबवताना उकडलेले टाकळ्याचे बी घालतात. आपल्याकडे कृषितज्ज्ञ गाजरगवताच्या जागी हे बी फेकायला सांगतात: टाकळा दाट उगवतो आणि गाजरगवताला जागाच देत नाही.